'द हंगर गेम्स' : आवडलेली आणि खटकलेली पुस्तकमालिका



इंग्रजी वाचनाची गोडी लागलेल्या आठवी-नववीच्या मुलांच्या दप्तरात अधूनमधून एक पुस्तक दिसतं. 'द हंगर गेम्स'. अमेरिकन लेखिका सुझन कॉलिन्स यांचं हे पुस्तक २००८ साली आलं. पुढच्या दोन वर्षांत 'कॅचिंग फायर' आणि 'मॉकिंगजे' आले आणि तीन पुस्तकांची मालिका पूर्ण झाली. २०१२ ते २०१५ या काळात त्यावर चार चित्रपट निघाले. मग दहा वर्षं थांबून २०२० साली लेखिकेने याच जगातली आधीची गोष्ट लिहिली आणि २०२५ मध्ये आणखी एक. म्हणजे एकूण पाच पुस्तकं झाली. मी पाचही वाचली आहेत, आणि माझं मत एका वाक्यात विचारलं तर मला सांगता येत नाही. ही मालिका मला आवडते आणि हिचा मला रागही येतो. गंमत अशी की दोन्हींची कारणं जवळपास एकाच ठिकाणी आहेत. ते ठिकाण कोणतं, हेच या लेखात सांगायचा प्रयत्न करतोय. (पुढे तिन्ही पुस्तकांचे शेवट येतील. ज्यांना वाचायचंय त्यांनी आधी वाचून घ्या, लेख कुठे पळून जात नाही.)

आधी थोडी ओळख. 'युटोपिया' म्हणजे जिथे सगळं उत्तम आहे अशी कल्पनेतली नगरी. त्याच्या उलट, जिथे माणसाचं जगणं दडपलं गेलंय अशा कल्पनेतल्या जगाला 'डिस्टोपिया' म्हणतात. कॉलिन्सबाईंचा डिस्टोपिया उत्तर अमेरिकेच्या जागी वसलेला आहे. त्याचं नाव पॅनेम. मध्ये श्रीमंत राजधानी, तिचं नाव कॅपिटॉल. भोवती बारा जिल्हे. एक जिल्हा कोळसा काढतो, एक धान्य पिकवतो, एक मासे पकडतो, आणि सगळं जातं राजधानीला. पूर्वी कधीतरी जिल्ह्यांनी बंड केलं होतं. ते मोडल्यावर शिक्षा म्हणून एक नियम झाला : दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयातली एक मुलगी आणि एक मुलगा सोडतीने निवडायचा. ही चोवीस मुलं एका मैदानात सोडायची, आणि एकच जिवंत उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं. हे सगळं टीव्हीवर दाखवलं जातं आणि बघणं सक्तीचं आहे. या सोडतीच्या दिवसाला पुस्तकात 'रीपिंग' म्हणतात. रीपिंग म्हणजे कापणी. शेतकऱ्याच्या घरातल्या वाचकाला हा शब्द जास्त टोचेल.

कॅटनिस एव्हरडीन ही बाराव्या जिल्ह्यातली, कोळशाच्या खाणीच्या भागातली सोळा वर्षांची मुलगी. वडील खाणीतल्या स्फोटात गेलेत. आई त्या धक्क्याने खचलेली. धाकटी बहीण प्रिम बारा वर्षांची, तिचं नाव पहिल्यांदाच सोडतीत पडलंय आणि नेमकं तेच निघतं. कॅटनिस तिच्या जागी स्वतः पुढे होते. इथून गोष्ट सुरू होते.

मला या मालिकेत सगळ्यात जास्त काय आवडलं, तर तलवारी-बाण नव्हे. मला आवडलं त्या सोडतीचं गणित. बाराव्या वर्षी प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, असं करत अठराव्या वर्षी सात. इथपर्यंत सगळे सारखे. पण गरिबाला एक 'सवलत' आहे. आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकू द्या, बदल्यात एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल एवढं धान्य आणि तेल घ्या. घरात जितकी माणसं तितक्या जादा चिठ्ठ्या टाकता येतात, आणि त्या दरवर्षी साठत जातात. आता कॅटनिसचा हिशोब करून बघा. घरात तीन माणसं. पाच वर्षं दरवर्षी तीन म्हणजे पंधरा, अधिक वयाच्या पाच, एकूण वीस चिठ्ठ्या. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरात पाच माणसं. सात वर्षं पाच-पाच म्हणजे पस्तीस, अधिक सात, एकूण बेचाळीस. आणि त्याच गावातल्या महापौरांच्या मुलीला जादा चिठ्ठी टाकायची कधी गरजच पडत नाही.

म्हणजे कागदावर सोडत सगळ्यांसाठी सारखी, प्रत्यक्षात ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याचं नाव जास्त वेळा भांड्यात. कोणी कोणावर जबरदस्ती केलेली नाही. मुलाने 'स्वखुशीने' चिठ्ठी टाकली आहे. अन्यायाची इतकी स्वच्छ मांडणी मुलांच्या पुस्तकात मला क्वचितच भेटली आहे. आणि बाई तिथेच थांबत नाहीत. गेल महापौरांच्या मुलीवर चिडतो, तिला टोमणा मारतो, आणि नंतर आपल्याला कळतं की हीच तर त्या व्यवस्थेची खरी करामत आहे. उपाशी माणसाचा राग राजधानीवर जात नाही, शेजारच्या दोन घास जास्त खाणाऱ्यावर जातो. नागरिकशास्त्राच्या तासाला हे प्रकरण घेऊन बसावं असं मला नेहमी वाटतं. गणिताच्या शिक्षकांनीही यायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे भूक. पुस्तकाच्या नावातच ती आहे, पण बऱ्याच मुलांना 'गेम्स' लक्षात राहतं आणि 'हंगर' विसरतं. वडील गेल्यानंतर अकरा वर्षांची कॅटनिस पावसात भिजत लोकांच्या कचऱ्याचे डबे धुंडाळत असते. बेकरीवाल्याचा मुलगा पीटा मुद्दाम पाव जाळतो, त्याबद्दल आईचा मार खातो, आणि तो जळका पाव तिच्या दिशेने टाकतो. दुसऱ्या दिवशी तिला शाळेच्या आवारात एक पिवळं रानफूल दिसतं आणि वडिलांनी शिकवलेल्या रानभाज्या, कंद आठवतात. तिचं स्वतःचं नावसुद्धा पाण्यात वाढणाऱ्या, कंद खाता येणाऱ्या एका वनस्पतीचं आहे. उलट दुसऱ्या पुस्तकात राजधानीतली एक मेजवानी आहे. तिथे पोट भरलं की पाहुण्यांना एक पेय मिळतं. ते पिऊन उलटी करायची आणि पुन्हा खायला बसायचं. लेखिकेने यावर भाषण दिलेलं नाही, नुसतं दाखवलंय. 'पॅनेम' हा लॅटिन शब्द, अर्थ पाव किंवा भाकरी. रोमन कवी जुव्हेनल याने आपल्या लोकांवर टीका केली होती की त्यांना आता फक्त भाकरी आणि खेळ-तमाशे हवेत, बाकी राज्यकारभाराचं काहीही होवो. तिथून हे नाव आलंय. राजधानीतल्या माणसांची नावं पण रोमन आहेत, सीझर, सेनेका, प्लुटार्क वगैरे.

आता खटकणाऱ्या भागाकडे येतो.

कॉलिन्सबाईंनी सांगितलंय की ही कल्पना त्यांना टीव्हीची चॅनेलं बदलताना सुचली. एकीकडे तरुण मुलामुलींच्या स्पर्धेचा रिअॅलिटी शो, दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला लागली. त्यांचे वडील अमेरिकन हवाई दलात होते, व्हिएतनाम युद्धात जाऊन आलेले. त्यामुळे युद्ध म्हणजे पडद्यावरचा खेळ नव्हे, हे त्यांना घरातच समजलेलं. म्हणजे मालिकेचा रोख स्पष्ट आहे : दुसऱ्याच्या मरणाचा तमाशा करणारे जितके दोषी, तितकेच तो चवीने बघणारेही.

ठीक. मग वाचताना आपण काय करत असतो? रात्री बारा वाजता 'अजून एक प्रकरण' म्हणत पान उलटतो, कारण आता कोण मरणार ते कळायला हवं. चोवीसपैकी बऱ्याच मुलांना पुस्तकात धड नावही नाही, अमक्या जिल्ह्याची मुलगी, तमक्या जिल्ह्याचा मुलगा एवढीच ओळख. ती पहिल्या काही तासांतच मरतात आणि आपण मनात आकडा कमी करतो. कॅटनिसचा पेटलेला पोशाख, तिच्या मुलाखती, तिला मिळालेले गुण, हे सगळं राजधानीच्या प्रेक्षकांना जितकं आवडतं तितकंच आपल्याला. लेखिका आपल्याला त्या प्रेक्षकांत बसवते हे जाणूनबुजून आहे का? बऱ्याच अंशी असावं. पण आरसा दाखवणं वेगळं आणि आरशासमोर आणखी मिठाई ठेवणं वेगळं, आणि पहिल्या पुस्तकात मला दोन्ही दिसतं.

माझी सगळ्यात मोठी तक्रार रूबद्दल आहे. रू ही अकराव्या जिल्ह्यातली बारा वर्षांची मुलगी, प्रिमच्याच वयाची. कॅटनिस आणि ती मैदानात एकमेकींना सांभाळतात. मग पहिल्या जिल्ह्याचा मुलगा रूला भाला मारतो, कॅटनिस त्याला बाणाने मारते, रूच्या देहाभोवती फुलं ठेवते. फार सुंदर प्रसंग आहे, मी वर्गात वाचून दाखवतो तेव्हा शेवटच्या बाकावरही शांतता असते. पण थोडं थांबून विचारा : दुसऱ्या कोणी रूला मारलं नसतं तर? शेवटी मैदानात रू आणि कॅटनिस या दोघीच उरल्या असत्या तर? खेळाचा नियम तर हाच आहे. तो प्रश्न येण्याआधी लेखिकेने रूला उचललं.

आणि हे एकदाच होत नाही. कॅटनिसच्या हातून जे मरतात ते कोण? तिची शिकार करायला झाडाखाली बसलेल्या टोळीतल्या दोघी, रूला मारणारा मुलगा, आणि शेवटी केटो, त्यालाही ती मारते ते त्याच्या यातना संपवायला. थ्रेश हा धिप्पाड मुलगा रूसाठी म्हणून कॅटनिसला जिवंत सोडतो, खरं तर तो समोर उभा ठाकायला हवा होता, पण तोही आपल्या नजरेआड मरतो. एक चलाख मुलगी पीटाने नकळत तोडलेली विषारी फळं खाऊन जाते. मुलांना मारायला लावणारी व्यवस्था किती क्रूर आहे हे सांगणाऱ्या गोष्टीत नायिकेचे हात मात्र शेवटपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ राहतात. हे मला पटत नाही. ज्याला मारावं लागेल तो आधीच वाईट करून ठेवला की वाचकाची सोय होते. खऱ्या युद्धात समोरचा मुलगा वाईट असतोच असं नाही.

एक क्षण मात्र असा आहे की तिथे लेखिका प्रश्नाला भिडली आहे. शेवटी कॅटनिस आणि पीटा दोघंच उरलेत. दोघं जिंकू शकतात असा मध्येच केलेला नियम ऐनवेळी रद्द होतो. पीटाचा हात सुरीकडे जातो, आणि कॅटनिस बाण त्याच्या छातीवर रोखते. तो तर सुरी फेकून द्यायला निघालेला असतो! ज्याचा जळका पाव खाऊन ती जगली त्याच्यावर तिने बाण रोखला, विचार करण्याआधी. पुढे विषारी फळांचा प्रसंग येतो, तो गाजला. मला विचाराल तर पहिल्या पुस्तकातला सगळ्यात खरा क्षण त्याआधीचा, हा रोखलेला बाण.

प्रेमाच्या त्रिकोणाबद्दल फार लिहीत नाही. पीटा की गेल, यावर जगभर मुलामुलींचे दोन पक्ष पडले. पुस्तकात ही प्रेमकथा मुळात प्रायोजकांकडून औषध-अन्न मिळवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर वठवलेली आहे, पीटाच्या बाजूने खरी आणि तिच्या बाजूने अर्धी. ज्या गोष्टीला राजधानीचे प्रेक्षक भुलले, तिलाच वाचकही भुलले. दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी, २०१३ साली, एका सौंदर्यप्रसाधन कंपनीने चक्क कॅपिटॉलच्या नावाने मेकअपची मालिका बाजारात आणली! ज्या लोकांची कीव यावी म्हणून ते रंगवलेले चेहरे लिहिले होते, तेच चेहरे विकायला निघाले. यात लेखिकेचा दोष किती, हे सांगणं अवघड आहे. आणि वाचन किती वरवरचं होऊ शकतं याचं आणखी एक उदाहरण : रूची त्वचा गडद तपकिरी आहे असं पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं असताना, चित्रपटात कृष्णवर्णीय बालकलाकार पाहून काही प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर नाराजी व्यक्त केली. मुलांनो, वर्णन वाचताना ओळी गाळू नका असं मी सांगतो ते उगाच नाही.

तिसरं पुस्तक, 'मॉकिंगजे', माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांना आवडत नाही. "सर, ती नुसती रडते आणि दवाखान्यात पडून असते." बरोबर आहे. मैदान नाही, चुरस नाही. पण पहिल्या पुस्तकाने टाळलेलं इथे लेखिका चुकतं करते असं मला वाटतं. बंडखोरांची नेता कॉइन कॅटनिसला वापरते, तिच्या चित्रफिती बनवते, म्हणजे कॅमेरा इकडेही आहेच. शेवटी राष्ट्राध्यक्ष स्नोच्या वाड्यासमोर उभ्या केलेल्या लहान मुलांवर छोट्या पॅराशूटमधून बॉम्ब पडतात. जखमींना उचलायला परिचारिका धावतात, आणि तेवढ्यात दुसरा स्फोट. त्या धावणाऱ्यांत प्रिम असते. ज्या बहिणीसाठी सगळं सुरू झालं, ती जाते, आणि बहुधा आपल्याच बाजूच्या बॉम्बने. त्या युक्तीची आखणी गेलच्या डोक्यातून निघालेली. मग कॉइन सुचवते की आता राजधानीच्या मुलांचे एकदा 'खेळ' घेऊ. उरलेले विजेते मत देतात. कॅटनिस हो म्हणते. पीटा नाही म्हणतो. आणि स्नोला मारण्यासाठी दिलेला बाण कॅटनिस कॉइनवर सोडते.

तिचं ते 'हो' खरं होतं की कॉइनला गाफील ठेवण्यासाठी? पुस्तक सांगत नाही. गेल्या वर्षी नववीत यावर अर्धा तास वाद झाला. एक मुलगी म्हणाली, "तिला त्या क्षणी खरंच हवं होतं, आणि मग स्वतःचीच भीती वाटली." मला हे उत्तर कुठल्याही समीक्षेपेक्षा जवळचं वाटतं. इथे कोणाचेच हात स्वच्छ नाहीत. मुलांना विजयाची मिरवणूक हवी होती, बाईंनी ती दिली नाही. त्याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे.

पालक विचारतात, मुलांनी मुलांना मारण्याची गोष्ट शाळेत कशाला? प्रश्न चुकीचा नाही. अमेरिकेतही हा आक्षेप आला. तिथल्या ग्रंथालय संघटनेने काढलेल्या, सर्वाधिक आक्षेप आलेल्या दहा पुस्तकांच्या यादीत ही मालिका २०१०, २०११ आणि २०१३ साली होती. माझं म्हणणं एवढंच की मुलांच्या हातातल्या फोनवर याहून वाईट रोज दिसतं आणि तिथे कोणी थांबून रूबद्दल विचारत नाही. सहावीच्या मुलाला मी हे पुस्तक देणार नाही. आठवीच्या पुढे देतो, पण नुसतं देऊन मोकळं होत नाही. वाचून आलास की बस, सांग, तुला कोणाचं मरण चालून गेलं? हा प्रश्न विचारला की मुलं आधी हसतात, मग जरा गप्प होतात.

आणि पुस्तक नुसतं करमणुकीपुरतं राहिलं असंही नाही. बाराव्या जिल्ह्यात तीन बोटं ओठांना लावून समोर धरण्याची एक जुनी खूण आहे. आभार, आदर आणि निरोप, तिन्ही त्यात येतं. २०१४ साली थायलंडमध्ये लष्कराने सत्ता हातात घेतली तेव्हा तिथले विद्यार्थी हीच तीन बोटं उंचावून रस्त्यावर उभे राहिले, आणि काहींना त्यासाठी पोलिसांनी पकडलं. २०२१ मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवरही तीच बोटं दिसली. या मालिकेला 'नुसता तमाशा' म्हणायची माझी हिंमत इथे संपते.

राहिली नंतरची दोन पुस्तकं. 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' मध्ये स्नो अठरा वर्षांचा आहे, घरची श्रीमंती गेलेली, कोबीच्या पाण्यावर दिवस काढणारा. दहावे खेळ चाललेत, निवडलेल्या मुलांना प्राणिसंग्रहालयात माकडांच्या पिंजऱ्यात ठेवलंय. आणि खेळ बघायला कोणी फारसं उत्सुक नाही! लोकांनी बघावं म्हणून पैजा लावू द्या, आवडत्या मुलाला अन्न पाठवू द्या, असे उपाय हा हुशार विद्यार्थी सुचवतो. प्रेक्षक तयार कसा केला जातो हे दाखवणारा हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, बाकी पुस्तक लांबलंय. 'सनराइज ऑन द रीपिंग' मध्ये कॅटनिसचा गुरू हेमिच याच्या तरुणपणीचे पन्नासावे खेळ आहेत. त्या वर्षी दुप्पट मुलं, अठ्ठेचाळीस. मैदानात घडलं काय आणि टीव्हीवर दाखवलं काय, यातला फरक हा त्याचा गाभा. बातम्या बघणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा.

तरी एक शंका जात नाही. चोवीसचे अठ्ठेचाळीस झाले. पंचाहत्तरातले आणखी कितीतरी खेळ लिहायचे बाकी आहेत, आणि प्रत्येक नव्या पुस्तकाची बातमी आली की वाचक आनंदाने विचारतात, आता कितवे खेळ? कोणाचे? २०२५चं पुस्तक आलं त्या आठवड्यात मीही ते मागवलं आणि दोन रात्रींत संपवलं. वर्गातली मुलं विचारतायत, "सर, सहावं कधी येणार?" मला माहीत नाही. आलं तर मीच आधी वाचेन, एवढं मात्र त्यांना ठाऊक आहे.